उदरस्थ महाधमनीची शस्त्रक्रिया व मूत्रपिंडांना संभवणारी इजा

प्रस्तावना :
महाधमनी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी होय. पोटातील तिची भिंत दुर्बल होऊन फुग्यासारखी फुगते, तेव्हा ती फुटण्याच्या भीतीने शस्त्रक्रिया करावी लागते. १९५१ साली पॅरिस येथे शार्ल द्युबोस्त यांनी असा भाग काढून तेथे दात्याची धमनी बसविली. त्यानंतर तंत्र पुष्कळ सुधारले. तथापि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका टळलेला नाही. प्रस्तुत लेखात या धोक्याची कारणे आणि तो वेळीच ओळखण्याचे मार्ग यांचा विचार केला आहे.

इजेची कारणे :
विश्रांत अवस्थेत हृदयातून बाहेर पडणारे सुमारे एक पंचमांश रक्त मूत्रपिंडांकडे जाते. ते नेणाऱ्या धमन्या महाधमनीतूनच फुटतात. खुल्या शस्त्रक्रियेत महाधमनी चिमट्याने काही काळ बंद करतात. चिमटा या धमन्यांच्या वर लावल्यास मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा थांबतो. खाली लावल्यासही तो घटू शकतो. रक्तस्राव व उतरलेला रक्तदाब यांची त्यात भर पडते. १९९० साली ब्युनॉस आयर्स येथे हुआन पारोदी यांनी जांघेतील धमनीवाटे कृत्रिम नळी बसविली. या पद्धतीत असा चिमटा लावावा लागत नाही. परंतु क्ष-किरण चित्रणासाठी दिले जाणारे आयोडीनयुक्त द्रव्य आधीच दुर्बल असलेल्या मूत्रपिंडांना अपायकारक ठरू शकते.

निदान :
रक्तातील क्रिएटिनिन हा प्रचलित निर्देशक होय; मात्र इजा झाल्यावर तो उशिरा वाढतो. २०१२ च्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वाढणे, सात दिवसांत ते मूळ पातळीच्या दीडपट होणे, किंवा सलग सहा तास मूत्राचे प्रमाण दर किलो वजनामागे ताशी ०.५ मिलिलिटरहून कमी राहणे, यांपैकी एकही लक्षण पुरेसे आहे. म्हणजेच ६० किलो वजनाच्या रुग्णाला ताशी ३० मिलिलिटरहून कमी लघवी होत राहिली, तर क्रिएटिनिन वाढण्याची वाट पाहणे योग्य नव्हे.

निष्कर्ष :
इजा झाल्यानंतर ती उलटविणारे खात्रीचे औषध अद्याप उपलब्ध नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी क्रिएटिनिनची मूळ पातळी नोंदविणे, मूत्रपिंडांना घातक वेदनाशामके टाळणे, रक्तदाब राखणे व लघवीची दर तासाला नोंद ठेवणे अगत्याचे ठरते. मोजपात्रातील ही साधी नोंद परिचारिकेने वेळेवर घेतली आणि वैद्यांनी वेळेवर वाचली, तर उपचारांना मोलाचा अवधी मिळतो.