करड्या गणवेशातील व्हेराबाई

स्त्रीच्या वस्त्राची गोष्ट निघाली की आमच्या लेखकांना लगेच पैठणी आठवते. ही गोष्ट मात्र एका निळसर करड्या लोकरी कोटाची आहे. १९४६ साली तो अंगावर चढवून व्हेरा ॲटकिन्स नावाची बाई पराभूत जर्मनीतील तुरुंगामागून तुरुंग पालथे घालीत होती.

हुद्दा स्क्वॉड्रन ऑफिसर, ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेतला. पण व्हेराबाईंचा विमानांशी संबंध एवढाच, की युद्धकाळात फ्रान्समध्ये उतरवायच्या गुप्त हस्तकांना निरोप द्यायला त्या विमानतळावर जात. त्यांत तरुण मुलीही असत. खिशात लंडनच्या बसचे तिकीट राहिले नाही ना, कॉलरला इंग्रज शिंप्याचे नाव नाही ना, हे त्या स्वतः पाहत. त्यांचा जन्म रुमानियातला. ब्रिटिश नागरिकत्व मिळाले १९४४ साली आणि गणवेश त्याहून उशिरा.

उलट त्या मुलींना हुद्दे होते, गणवेश होते; पण जाताना ते मागे ठेवावे लागत. आणि गणवेशाविना शत्रूच्या हाती सापडलेला सैनिक हेर ठरतो!

युद्ध संपले, तरी शंभराहून अधिक माणसे परतली नव्हती. १९४६ च्या आरंभी ही गुप्त संघटनाच बंद झाली. व्हेराबाई मात्र युद्धगुन्ह्यांच्या तपासासाठी जर्मनीत गेल्या. जेत्यांच्या त्या मुलखात साध्या झग्यातल्या बाईला कोण दाद देणार? आउश्वित्झचा प्रमुख हेस याचीही जबानी त्यांनी घेतली.

२९ मे १९४६ रोजी वुपरटाल येथे ब्रिटिश लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला. ६ जुलै १९४४ रोजी नाट्झवायलर छावणीत चार स्त्रियांना विषारी इंजेक्शन देऊन भट्टीत टाकले होते. बचावाचे म्हणणे, त्या हेर होत्या. पण हेरालाही खटल्यावाचून मारता येत नाही, हा युद्धाचा जुना नियम. आणि येथे खटला कुठला? व्हेराबाईंनी साक्ष दिली. छावणीचा डॉक्टर रोडे फासावर गेला.

त्या चौघींतली एक नूर इनायत खान असावी, असा तेव्हा समज होता. नूरचे वडील इनायत खाँ मूळचे आपल्या बडोद्याचे, गायकवाडी दरबारातल्या मौलाबक्षांचे नातू. पण १९४७ साली कळले, की नूर तेव्हा फोर्झहाइमच्या तुरुंगात साखळदंडांत जिवंत होती. तिला मारले दाखाऊ येथे, १३ सप्टेंबर १९४४ रोजी. नूरला १९४९ साली मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

मग चौथी कोण? सोनिया ओल्शानेत्स्की. तिची भरती फ्रान्समध्येच झालेली. व्हेराबाईंनी तिला कधी विमानतळावर निरोप दिलेला नव्हता. तिला हुद्दा नव्हता, आणि मागे ठेवायला गणवेशही नव्हता.