यहूदीद्वेष व ख्रिस्ती मंडळी

उत्तम शुक्रवारीं प्रभु येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत ऐकून एखादें लहान मूल विचारतें, "प्रभूला यहूद्यांनींच मारिलें ना?" प्रश्न निष्पाप आहे, परंतु याच प्रश्नाचें चुकीचें उत्तर शेंकडों वर्षें दिलें गेल्यामुळें असंख्य निरपराध माणसांचें रक्त सांडलें आहे. म्हणून त्याचें खरें उत्तर येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शास्त्रलेख काय सांगतात तें पाहूं. प्रभु येशू यहूदी, त्याची माता मरीया यहूदी, बाराही शिष्य यहूदी. वधस्तंभाची शिक्षा रोमी सुभेदार पंतय पिलात यानें दिली व रोमी शिपायांनीं ती अमलांत आणिली. यरुशलेमांतील कांहीं पुढाऱ्यांनीं प्रभूचा घात इच्छिला, हें खरें. पण मूठभर पुढाऱ्यांचा दोष एका सबंध राष्ट्राच्या माथीं, तोही पिढ्यान् पिढ्या, मारणें हा कोठला न्याय? पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत विदेशी विश्वासणाऱ्यांस जैतुनाच्या जुन्या झाडावर कलम केलेल्या रानटी फांद्यांची उपमा देतो, आणि फांदीनें मूळ झाडापुढें ताठा मिरवूं नये असें बजावितो.

हा इशारा मंडळीनें ऐकिला नाहीं. 1096 सालीं धर्मयुद्धास निघालेल्या टोळ्यांनीं ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स व माइन्त्स शहरांतील यहूद्यांची कत्तल केली. 1290 सालीं इंग्लंडनें व 1492 सालीं स्पेननें त्यांस हद्दपार केलें. 1348 सालीं युरोपांत महामारी पसरली, तेव्हां यहूद्यांनीं विहिरींत विष कालविलें अशी कंडी उठली. यहूदीही त्याच रोगानें मरत आहेत, हें पोप सहावा क्लेमेंट यानें दाखवून दिलें. तरी जमाव ऐकेना. 1543 सालीं मार्टिन लूथर यानें त्यांचीं सभास्थानें जाळावीं असें आपल्या पुस्तकांत लिहिलें. ज्यांचे आम्ही ऋणी आहों त्यांचा दोष झांकून ठेवणें हा प्रामाणिकपणा नव्हे.

ही कथा केवळ दूरदेशची नाहीं. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यांत राहत असे. त्याचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहूदी. हिंदुस्थानांतील औषधींवरचा त्याचा ग्रंथ 1563 सालीं गोव्यांतच छापला गेला. मुंबई बेटही त्याजकडे पट्ट्यानें होतें. घराण्याचा बाप्तिस्मा झाला असतांही तें गुप्तपणें यहूदी धर्म पाळतें, असा आरोप धर्मन्यायसभेनें ठेविला. 1568 सालीं तो वारला. पुढच्या वर्षीं त्याची बहीण कातारीना हिला जाळण्यांत आलें, आणि 1580 सालीं त्याचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळण्यांत आलीं. हें सर्व प्रीतीच्या देवाच्या नांवानें झालें!

एकोणिसाव्या शतकांत या द्वेषानें धर्माचा वेष उतरवून वंशाचा वेष धारण केला. त्याची परिणति हिटलरच्या राज्यांत झाली. सुमारें 60 लक्ष यहूदी मारले गेले. नाझी मत ख्रिस्ती नव्हे. परंतु ज्या जमिनींत तें बीं रुजलें, तिची मशागत पूर्वींच झाली होती. त्या काळोखांतही कांहीं दिवे तेवत राहिले. हॉलंडमध्यें हार्लेम येथील टेन बूम या घड्याळजी कुटुंबानें यहूद्यांस घरांत लपविलें. त्यांतील वृद्ध पिता व एक कन्या बंदिवासांत मरण पावलीं. फ्रान्समध्यें पाळक आंद्रे त्रोक्मे यांच्या ल शांबों गांवानें कित्येक यहूदी मुलांस आसरा दिला.

पुढें मंडळीचे डोळे उघडले. 1965 सालीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहूद्यांवर लादतां येत नाहीं असें जाहीर केलें. 1994 सालीं अमेरिकेंतील लूथरन मंडळीनें लूथरच्या त्या लेखनाचा उघड निषेध केला.

तरी हा रोग समूळ गेलेला नाहीं. 2008 सालीं मुंबईंत नरिमन हाउसवर हल्ला झाला. 2018 सालीं अमेरिकेंत पिट्सबर्ग येथील सभास्थानांत प्रार्थनेस जमलेल्या 11 जणांस ठार मारण्यांत आलें. इस्राएल देशाच्या राजकारणावर टीका करण्यास कोणासही मोकळीक आहे, आणि पॅलेस्टाइनमधील पीडितांविषयीं कळवळा वाटणें हें ख्रिस्ती मनाचें लक्षणच होय. परंतु एका सरकारच्या कृत्याबद्दल जगांतील प्रत्येक यहूद्यास जबाबदार धरणें हा जुनाच अन्याय नव्या रूपानें करणें आहे.

या बाबतींत आमच्या कोंकणाचें उदाहरण अभिमानास्पद आहे. तेथील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. मराठी हीच त्यांची मातृभाषा. शतकानुशतकें ते तेथें निर्भयपणें नांदले. ज्यांच्या हातीं शुभवर्तमान नव्हतें त्यांनीं शेजारधर्म पाळिला, आणि ज्यांच्या हातीं तें होतें त्यांनीं तो मोडिला, हें मनांत धरण्याजोगें आहे.

विद्यार्थीमित्रहो, कोणत्याही जातीविषयीं "ते सगळे तसलेच" असें कोणी म्हणूं लागल्यास तेथेंच सावध व्हा. आईबापांसही विनंति आहे कीं, घरांत वधस्तंभाची कथा सांगतांना दुसऱ्याच्या पापाकडे बोट न दाखवितां स्वतःच्या पापाचें स्मरण करावें. प्रभूनें वधस्तंभावरून क्षमाच मागितली. त्याच्या नांवानें सूड मागण्याचा अधिकार कोणासही नाहीं.