घुमणाऱ्या आवाजाची पेटी

रस्त्याने एखादी मोटार जाते. तिच्या काचा बंद असतात. गाण्याचे शब्द आपल्याला कळत नाहीत, पण ढोलाचा ठोका मात्र छातीवर येऊन आदळतो. हा ठोका ज्या स्पीकरमधून निघतो, त्याला सबवूफर म्हणतात. तो एका लाकडी पेटीत बसवून गाडीच्या डिकीत ठेवलेला असतो. ही पेटी बाजारात तयार मिळते. पण हाताला सुतारकामाची सवय असेल आणि गुणाकार येत असेल, तर ती घरीही करता येते. ती कशी करावी आणि तशीच का करावी, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

पेटी कशाला हवी?

पुष्कळांना वाटते, पेटी म्हणजे स्पीकर ठेवायची जागा. "वरून कापड चांगलं लावलं की झालं!" असे ते म्हणतात. तसे नाही. पेटी हा त्या वाद्याचाच अर्धा भाग आहे. हलगी आणि डग्गा आठवून पाहा. दोन्हींवर चामडेच असते. हलगीची मागची बाजू उघडी, म्हणून तिचा आवाज कडकडीत येतो. डग्ग्याच्या पोटात हवा कोंडलेली, म्हणून तो घुमतो.

आवाज म्हणजे हवेचे हलणे. स्पीकरचा पडदा पुढेमागे हलतो आणि हवेला हलवतो. तो सेकंदाला ५,००० वेळा हलला तर बारीक आवाज निघतो, ५० वेळा हलला तर खर्जाचा. माणसाच्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंतचे हेलकावे ऐकू येतात. सबवूफरचे काम मुख्यतः २० ते १०० हेलकाव्यांचे असते.

आता गंमत पाहा. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते. त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. मग पुढची हवा कडेने वळसा घालते आणि मागची तूट भरून काढते. जमा तेवढाच खर्च! शिल्लक काय उरणार?

शेतातल्या पाण्याच्या पाटात एक लहान फळी उभी धरा आणि पुढे ढकला. पाणी दोन्ही कडांनी मागे येते. लाट उठत नाही. आता पाटाच्या रुंदीची फळी घ्या. पाण्याला वाट उरत नाही, आणि लाट पुढे जाते. सबवूफरची पेटी हेच काम करते. पुढची हवा आणि मागची हवा यांची ती गाठ पडू देत नाही. म्हणून पेटी घट्ट हवी. एका सांध्यात बारीक फट राहिली, तरी तेवढ्यातून हवा फुसफुसते आणि ठोका ढिला पडतो.

मोठी पेटी की लहान?

"पेटी जेवढी मोठी, तेवढा आवाज मोठा," हाही एक गैरसमज आहे. बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी असते. पडदा मागे आला की ती दबते आणि त्याला पुन्हा पुढे लोटते. पेटी फार लहान केली तर ही स्प्रिंग ताठ होते. आवाज एकाच सुरात गुबगुबतो आणि खरा खर्ज लागत नाही. पेटी फार मोठी केली तर स्प्रिंग सैल पडते. मोठ्या आवाजात पडदा वाजवीपेक्षा जास्त हलतो आणि स्पीकर निकामी होऊ शकतो.

हवेच्या या स्प्रिंगचा उपयोग करून अमेरिकेतल्या एडगर व्हिल्चर या शिक्षकाने १९५४ साली लहान आकाराचा बंद स्पीकर बाजारात आणला. त्यापूर्वी चांगला खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागत असे. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी पेटीचे सगळे गणित बसवून दिले. आज स्पीकरच्या खोक्यात जे माहितीपत्रक मिळते, त्यातले आकडे त्या गणितावरून आलेले असतात. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की ते पत्रक फेकू नका. पेटी किती लिटरची हवी, हे त्यात लिहिलेले असते.

पेटीचा आणखी एक प्रकार आहे. तिला एक नळी बसवलेली असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तशी ती पेटी घुमते. तिचा आवाज मोठा खरा, पण नळीची लांबी चुकली की सारेच बिघडते. पहिली पेटी बंदच करावी.

मापे कशी काढावी?

शाळेत आम्ही मुलांना घनफळ शिकवीत असू, तेव्हा मुले विचारीत, "गुरुजी, याचा उपयोग काय?" हा घ्या उपयोग. लांबी, उंची आणि खोली सेंटिमीटरमध्ये मोजा. तिन्हींचा गुणाकार करा आणि १,००० ने भागा. आलेले उत्तर म्हणजे लिटर.

समजा, आपला स्पीकर १० इंची आहे आणि पत्रकात २० लिटर लिहिले आहे. स्पीकरचा मागचा भाग स्वतःच सुमारे दीड लिटर जागा खातो. म्हणजे साडेएकवीस लिटरच्या आसपास पेटी हवी. आतून ३८ सेंमी लांब, ३२ सेंमी उंच आणि १८ सेंमी खोल अशी पेटी धरू. गुणाकार २१,८८८ येतो. म्हणजे जवळजवळ २२ लिटर. आपले काम झाले. मात्र स्पीकर आत किती खोल जातो, तेही पत्रकात पाहा. चुंबक मागच्या फळीला टेकता कामा नये.

फळी १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची घ्यावी. पातळ फळी स्वतःच थरथरते आणि आवाज खाते. एमडीएफ पाण्याने फुगते, म्हणून डिकीत ओल नको. वरच्या पेटीसाठी सहा तुकडे लागतील:

पुढची आणि मागची फळी: ४१.६ × ३५.६ सेंमी, २ नग.
वरची आणि खालची फळी: ४१.६ × १८ सेंमी, २ नग.
बाजूच्या फळ्या: ३२ × १८ सेंमी, २ नग.

तुकडे मशीनवर कापून घ्यावेत. कड सरळ नसेल तर सांधा बसत नाही. कापताना नाकातोंडावर फडके बांधावे. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, तो छातीत जातो. पुढच्या फळीला गोल भोक पाडायचे ते पत्रकातल्या मापाचे. स्पीकरची बाहेरची कड मोजून भोक पाडाल, तर स्पीकर सरळ आत पडेल!

जोडणी आणि परीक्षा

प्रत्येक सांध्याला सुतारी गोंद भरपूर लावा. दर १० सेंटिमीटरवर आधी बारीक भोक पाडा, मग स्क्रू पिळा. भोक न पाडता स्क्रू घातला तर फळी चिरते. गोंद वाळल्यावर आतल्या सगळ्या कोपऱ्यांवरून सिलिकॉनची रेघ ओढा आणि पेटी निदान एक दिवस उघडी ठेवा. वायर जिथून आत येते ते भोकही बुजवा. मग स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी घालून तो बसवा.

आता परीक्षा घ्या. आवाज बेताचा ठेवून खर्जाचे गाणे लावा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांजवळून हळूहळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर सांधा पक्का. धूर ठोक्याबरोबर हलला तर तिथे फट आहे.

हे विसरू नका

पहिली गोष्ट विजेची. स्पीकरला जोर देणारा अँप्लिफायर गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. ३०० वॉटच्या अँप्लिफायरला ३० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. एवढ्या प्रवाहाला बारीक वायर चालत नाही, ती तापते. शिवाय ही वायर इंजिनापासून डिकीपर्यंत जाते. वाटेत ती पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरीचा सगळा जोर तिच्यातून धावतो आणि गाडी पेटते. म्हणून बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज बसवलाच पाहिजे. डिकीतला फ्यूज मधल्या वायरला वाचवीत नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराची चकती घाला. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडवा. हे काम येत नसेल, तर जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

दुसरी गोष्ट वजनाची. स्पीकरसकट ही पेटी १२-१३ किलो भरते. गाडी एकदम थांबली तर सुटी पेटी दगडासारखी पुढे येते. ती पट्ट्यांनी आणि बोल्टांनी बांधून टाका.

तिसरी गोष्ट कानाची. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपुरता ठीक धरतात. १०० डेसिबलला ही मुदत १५ मिनिटांवर येते. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि शेजाऱ्याचाही विचार करावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शिवाय खर्जाचा आवाज भिंतीने अडत नाही. ज्या घरात तान्हे मूल निजले आहे किंवा कोणी आजारी आहे, तिथेही तो पोचतो. चांगली पेटी केल्याचा फायदा इथेच आहे. तिच्यात लहान आवाजातही ठोका स्पष्ट येतो. खराब पेटीवाल्यालाच आवाज वाढवावा लागतो.

हा हिशेब करून पाहा

एका पेटीची बाहेरची मापे ४०, ३० आणि २५ सेंमी आहेत. फळी १८ मिमी जाडीची आहे. दुकानदार म्हणतो, "ही ३० लिटरची पेटी." आत खरोखर किती लिटर जागा आहे?

उत्तर: सुमारे साडेवीस लिटर.