गुडघ्याभोवतीची अस्थिअर्बुदे

गुडघ्याभोवतीची अस्थिअर्बुदे म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकात किंवा नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकात उद्भवणाऱ्या गाठी होत. त्यांपैकी काही सौम्य, तर काही कर्करोगाच्या असतात. या गाठींची सुरुवातीची लक्षणे गुडघ्याच्या साध्या दुखापतीसारखी असल्यामुळे निदानास विलंब होण्याचा किंवा चुकीची शस्त्रक्रिया होण्याचा धोका असतो. त्यामुळे अस्थिरोगशास्त्रातील रुग्णाधारित संशोधनात गुडघ्याची दुखापत आणि हाडांची अर्बुदे हे दोन विषय अनेकदा एकत्र येतात.

स्थान व प्रकार

वाढत्या वयात गुडघ्याजवळच्या वृद्धिपट्ट्यांतून पायाची बरीचशी उंची वाढते. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग प्रामुख्याने १० ते २० वर्षे वयात होतो आणि त्याचे निम्म्याहून अधिक रुग्ण गुडघ्याभोवतीचे असतात. जायंट सेल ट्यूमर ही बहुधा सौम्य, पण हाड पोखरणारी गाठ असून ती साधारणतः २० ते ४० वर्षे वयात, हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर दिसते. तिचेही सर्वाधिक आढळणारे स्थान गुडघ्याभोवतीच आहे.

दुखापतीशी साम्य

खेळताना, शेतात काम करताना किंवा दुचाकीवरून पडून गुडघ्याला मार लागण्याचे प्रमाणही याच वयोगटात मोठे असते. मार लागल्यामुळे अर्बुद होते, असे सिद्ध झालेले नाही. मात्र मार लागल्यानंतर आधीपासून असलेल्या गाठीकडे लक्ष जाते, किंवा गाठीने कमकुवत झालेले हाड किरकोळ धक्क्याने मोडते. गादी फाटणे किंवा अस्थिबंध ताणला जाणे यांतील वेदना सहसा हालचालीशी निगडित असते आणि विश्रांतीने कमी होते. विश्रांतीच्या वेळी व रात्री होणारी वेदना, काही आठवड्यांनंतरही न ओसरता वाढत जाणारी सूज आणि हाडाला लागून असलेली घट्ट गाठ ही अर्बुदाची शंका निर्माण करणारी लक्षणे मानली जातात. अशा वेळी गुडघ्याचे समोरून व बाजूने घेतलेले क्ष-किरण चित्र ही पहिली तपासणी असते. मालिश, लेप किंवा घट्ट पट्टी बांधणे यांत महिने गेल्यास गाठ वाढते आणि पाय वाचविण्याची शक्यता कमी होते.

अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स येथील शल्यचिकित्सकांनी २००३ साली गुडघ्याभोवतीच्या अर्बुदांच्या ६६७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २५ रुग्णांच्या गाठीस आधी खेळातील दुखापत समजून त्या जागी शस्त्रक्रिया झालेली होती. या २५ पैकी १५ जणांच्या पुढील कर्करोग-शस्त्रक्रियेवर त्याचा परिणाम झाला. आर्थ्रोस्कोपी म्हणजे दुर्बिणीद्वारे होणारी सांध्याची शस्त्रक्रिया. ती अनवधानाने गाठीत शिरल्यास अर्बुदाच्या पेशी सांध्यात पसरू शकतात.

ऊतिपरीक्षा

निदान निश्चित करण्यासाठी गाठीचा तुकडा काढून तपासतात. त्यास बायोप्सी म्हणतात. सुईचा किंवा छेदाचा मार्ग पुढील शस्त्रक्रियेत गाठीबरोबर काढून टाकावा लागत असल्याने तो कोठून जावा हे आधीच ठरवावे लागते. अमेरिकेतील हेन्री मॅनकिन व सहकाऱ्यांनी १९८२ साली ३२९ रुग्णांच्या पाहणीत बायोप्सीतील चुकांमुळे १५ जणांचा अवयव विनाकारण कापावा लागल्याचे नोंदविले. १९९६ साली ५९७ रुग्णांच्या दुसऱ्या पाहणीतही अशी १८ प्रकरणे आढळली. अंतिम उपचार जेथे होणार तेथेच बायोप्सी करावी, हा नियम या अभ्यासांमुळे दृढ झाला.

उपचार

१९७० च्या दशकापर्यंत ऑस्टिओसार्कोमावर अवयव कापणे हाच मुख्य उपचार होता आणि त्यानंतरही बहुतेक रुग्णांच्या फुप्फुसांत रोग पसरत असे. अमेरिकेत झालेल्या व १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटातील १७ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर औषधोपचार घेतलेल्या गटातील ६६ टक्के रुग्ण दोन वर्षांनी रोगमुक्त होते. त्याच वर्षी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकातील ऑस्टिओसार्कोमाच्या २२७ रुग्णांच्या अभ्यासात, पाय वाचविणाऱ्या शस्त्रक्रियेमुळे जगण्याचे प्रमाण कमी होत नसल्याचे दिसले. त्यानंतर गाठ असलेले हाड काढून तेथे धातूचा कृत्रिम सांधा बसविण्याची पद्धत रूढ झाली. आयात केलेले असे सांधे महाग असल्याने भारतात स्वदेशी सांध्यांचा विकास झाला. त्यात मुंबईच्या आयआयटीने टाटा स्मारक रुग्णालयाबरोबर काम केले आहे.

पाठपुरावा

उपचारानंतर रोग उलटल्यास तो बहुधा फुप्फुसांत किंवा मूळ जागी दिसतो, म्हणून रुग्णाला अनेक वर्षे तपासणीसाठी यावे लागते. ही तपासणी किती वेळा व कोणत्या साधनाने करावी, या प्रश्नावर १९४१ साली परळ येथे सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात अजय पुरी व सहकाऱ्यांनी हाडांच्या व मऊ ऊतींच्या सार्कोमाच्या ५०० रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्राची सीटी स्कॅनशी, तसेच तीन महिन्यांच्या अंतराची सहा महिन्यांच्या अंतराशी तुलना करण्यात आली. जगण्याच्या प्रमाणात क्ष-किरण चित्र सीटी स्कॅनपेक्षा उणे ठरले नाही. सहा महिन्यांच्या अंतराबाबतचा निष्कर्ष मात्र तितका ठाम नव्हता. रुग्णांना स्वतःचा अवयव तपासण्यास शिकविले होते आणि मूळ जागी उलटलेल्या बहुतेक गाठी त्यांनाच प्रथम जाणवल्या.

खानदेशातील संदर्भ

या निष्कर्षांचे महत्त्व उपचारकेंद्रापासून दूर असलेल्या गावांसाठी अधिक आहे. धुळे तालुक्यातील सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव मुंबई–आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर आहे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परळ मात्र सोनगीरपासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. अशा गावातील कुटुंबासाठी मुंबईची प्रत्येक फेरी म्हणजे प्रवास, मुक्काम आणि रुग्णासोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी. साधे क्ष-किरण चित्र जिल्ह्याच्या ठिकाणी काढता येते आणि पायाची तपासणी घरी करता येते. त्यामुळे पाठपुराव्याचा काही भाग गावाजवळ होऊ शकतो.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे जिल्हा होता. २०१७ साली तिचे नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना असे झाले. कर्करोगावरील शस्त्रक्रिया व औषधोपचार यांचा समावेश या योजनेत आहे.