वन्यजीव माहितीपट आणि वयाचा शिक्का

जबलपूरहून कान्हा किंवा पेंच गाठायला काही तास पुरतात. तिथल्या रानकुत्र्यांनी चितळ पाडले, की ते मरण्याची वाट न पाहताच पुष्कळदा खाणे सुरू होते. हे दृश्य टीव्हीवर रात्री आठला, सहा वर्षांची मुलगी समोर जेवत असताना दाखवावे का? दाखवले तर कोणत्या वयासाठी?

आधी नियम पाहू. एकच दृश्य कोणत्या वाटेने तुमच्यापर्यंत येते, त्यावर त्याचा नियम बदलतो. चित्रपटगृहात लागणारा माहितीपट सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार प्रमाणन मंडळाकडे जातो. २०२३च्या दुरुस्तीने 'यूए' वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग पडले. ओटीटीवर २०२१च्या नियमांप्रमाणे वयोगट मंच स्वतः ठरवतो आणि आशयाची सूचना देतो. टीव्हीसाठी खास बनवलेल्या कार्यक्रमाला मात्र असे आगाऊ प्रमाणपत्र लागत नाही. तिथे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला नियम ६ सांगतो, की मुलांना अयोग्य कार्यक्रम मुले सर्वाधिक संख्येने पाहत असतात त्या वेळी दाखवू नयेत. म्हणजे तिथे मुख्य भिस्त वेळेवर आहे.

अडचण पुढेच आहे. हे निकष माणसांच्या गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. २०२१च्या नियमांत भेदभाव, अमली पदार्थ, अनुकरणीय वर्तन, भाषा, नग्नता, लैंगिकता, हिंसा आणि भीती असे मुद्दे येतात. यातले बरेचसे चितळाच्या शिकारीला लागूच पडत नाहीत. रानकुत्र्यांचे पाहून कोणी मूल तसे करायला जाणार नाही. चित्रपट प्रमाणनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्राण्यांवरील क्रौर्याचा उल्लेख आहे, पण तिथे क्रौर्य करणारा माणूस अभिप्रेत आहे. भुकेल्या कळपाला आपण क्रूर कसे म्हणणार? हातात उरते ती भीती, आणि ती बरीचशी मांडणीतून येते. दुरून घेतलेली, काही सेकंदांची शिकार वेगळी. त्याच हरणाला आधी नाव देऊन, पाडस दाखवून, मग संथ गतीत आणि व्हायोलिनच्या सुरात मारले, तर तो अनुभव निराळाच होतो. नेटफ्लिक्सच्या 'अवर प्लॅनेट' (२०१९) मध्ये वॉलरस कड्यावरून कोसळतात. प्रेक्षक इतके हेलावले, की अशी दृश्ये टाळता यावीत म्हणून कंपनीने त्यांची मिनिटे जाहीर केली. मला तर हा उपाय कोणत्याही वयाच्या आकड्यापेक्षा उपयोगी वाटतो. तुम्ही अभियांत्रिकीचे असाल तर लगेच ओळखाल: अनेक मितींची राशी एका अंकात कोंबली, की माहिती गळते.

आता जास्त कठीण उदाहरण घ्या. १९६०च्या दशकात धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने नोंदवले, की वानरांच्या टोळीचा ताबा नव्या नराने घेतल्यावर तिथली पिल्ले मारली गेली. अनेकांनी याला गर्दीमुळे आलेली विकृती ठरवले. १९७१पासून माउंट अबूला वानरांचा अभ्यास करणाऱ्या सारा हर्डी यांनी वेगळे मांडले: पिल्लू गेले की आईचे दूध पाजणे थांबते, ती लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. वाद वर्षानुवर्षे चालला. १९९९मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीत मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नसल्याचे दिसले. कान्हातल्या वाघांतही नवा नर आला, की आधीच्या नराचे बछडे धोक्यात येतात.

हा भाग 'मुलांना नको' म्हणून कापला, तर पडद्यावर काय उरते? बछडे एका भागात आहेत, पुढच्या भागात नाहीत. आणि प्रेमळ बाप, काळजीवाहू आई, असे सुखी वाघ-कुटुंब. त्या मुलाला नंतर महाविद्यालयात निसर्गनिवड समजावताना शिक्षकाला आधी ते चित्र पुसावे लागते. म्हणून माझे मत असे, की घटना ठेवावी, कॅमेरा मागे घ्यावा आणि काय दिसणार आहे ते निवेदकाने आधी एका वाक्यात सांगावे. अशा मांडणीला ७+ पुरे. तीच घटना जवळून, लांबवून आणि संगीत देऊन दाखवायची असेल, तर १३+ लावणे मला रास्त वाटते.

स्वाध्याय म्हणून कोणत्याही वन्यजीव माहितीपटातले शिकारीचे एक दृश्य घ्या. ते एकदा आवाज बंद करून आणि एकदा आवाजासह पाहा. दोन्ही वेळा वयोगट ठरवा, आणि फरक पडला तर तो नेमका कोणत्या सेकंदाला पडला ते लिहा.