चौकोनांच्या जागी अक्षरं

संपादकांना हवी होती ब्राउझरांची तुलना. क्रोम की फायरफॉक्स, सफारी की एज, कोण वेगवान, कोण किती रॅम खातो. असे तक्ते दरवर्षी निघतात आणि दरवर्षी शिळे होतात. मुळात माणसं तक्ता बघून ब्राउझर निवडतात यावरच माझा विश्वास नाही. बहुतेकांना तो फोनबरोबर मिळतो. म्हणून मी अशा एका ब्राउझरकडे वळलो, जो आपल्याकडच्या गावोगावच्या लोकांनी मुद्दाम, पदरचे पैसे देऊन फोनमध्ये घालून घेतला होता. ओपेरा मिनी.

अधिकृत इतिहास लवकर उरकतो. टेलिनॉर या नॉर्वेच्या दूरसंचार कंपनीत १९९४ साली योन फॉन टेट्झनर आणि गेर इवारसोय यांनी ब्राउझर लिहायला घेतला आणि पुढे स्वतःची कंपनी काढली. मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर फुकट देऊन नेटस्केपला नामोहरम केलं, २००४ मध्ये फायरफॉक्स आला, २००८ मध्ये क्रोम. या हाणामारीत संगणकावरचा ओपेरा कायम कोपऱ्यातच राहिला. त्याचा धाकटा भाऊ मात्र २००५ मध्ये नॉर्वेत आणि जानेवारी २००६ मध्ये जगभर उपलब्ध झाला, तो साध्या बटणांच्या फोनसाठी.

त्या फोनांत अख्खं वेबपान पेलायची ताकदच नव्हती. ओपेरा मिनीने ते काम फोनकडून काढूनच घेतलं. तुम्ही पत्ता टाकला की तो ओपेराच्या सर्व्हरकडे जाई. तिथलं प्रेस्टो नावाचं इंजिन पान उघडी, त्याची मांडणी करी, चित्रं बारीक करी आणि सगळं आवळून फोनकडे पाठवी. निवडणं, चिरणं, शिजवणं तिकडे. इकडे नुसतं वाढलेलं ताट. कंपनी ९० टक्क्यांपर्यंत डेटा वाचतो असं सांगायची. तेव्हा प्रीपेडवर पॅक नसेल तर दहा केबीला दहा पैसे कापले जात. म्हणजे पाचशे केबीचं पान पाच रुपयांना. तेच पन्नास केबीत आलं तर आठ आण्यांत. विद्यार्थ्याच्या खिशाला हा फरक कळायला कुठला तक्ता लागत नव्हता.

पण मला खिळवून ठेवलं ते पैशाच्या हिशेबाने नव्हे, एका सेटिंगने. परभणीच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने ते मला पुन्हा आठवून दिलं. "गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, ओपेरा टाकून द्या. ब्राउझर-बिउझर कुणी म्हणत नव्हतं. ब्लूटूथनं टाकायचं, दहा रुपये घ्यायचे. पण सेटिंग करायचं राहिलं की माणूस दुसऱ्या दिवशी दारात हजर. अहो, पेपर उघडतोय, पण नुसते चौकोनच दिसतायत!"

हे चौकोन म्हणजे फोनमध्ये फॉन्ट नसल्याची खूण. आणि फॉन्ट असला तरी भागत नाही. 'निर्मिती' हा शब्द घ्या. संगणकाच्या साठवणीत पहिली वेलांटी 'न'च्या नंतर येते, पण काढायची असते त्याच्या आधी. अर्धा 'र' साठवला जातो 'म'च्या आधी आणि रफार होऊन बसतो पुढच्या 'मि'च्या डोक्यावर. ही उलथापालथ करणारा स्वतंत्र प्रोग्राम लागतो. तो नसेल तर वेलांट्या भलत्याच बाजूला लटकतात आणि हलन्त उघडे पडतात. 'दुसऱ्या'तला अर्धा 'र' तर आणखी निराळा.

यावर ओपेराचा तोडगा होता सरळसोट. पत्त्याच्या पट्टीत 'ओपेरा:कॉन्फिग' असं इंग्रजीत टाकायचं, खाली जाऊन 'यूज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या ओळीपुढे 'येस' करायचं आणि सेव्ह. मग सर्व्हर देवनागरी मजकुराची चित्रंच बनवून पाठवी. फोनला मराठी यायची गरजच उरली नाही. त्या अक्षरांना देखणं म्हणवत नाही. चित्रांमुळे पानाचं वजन वाढे, शब्द उचलून दुसरीकडे चिकटवता येत नसे. पण अग्रलेख वाचता येई, विकिपीडिया वाचता येई. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या फोनांवरही देवनागरीचे असेच हाल होते, त्यामुळे ही युक्ती तिथेही चालली. ज्याने ती ओळ लिहिली तो प्रोग्रामर कोण, हे कंपनीच्या कुठल्याही गौरवगाथेत मला दिसलं नाही. मराठी वाचकावर त्याचे उपकार आहेत, असं मी तरी मानतो.

आता याच यंत्राची दुसरी बाजू. मधे सर्व्हर बसला म्हणजे तुमचं आणि बँकेचं बोलणं तिथे उलगडलं जाणारच. फोन ते सर्व्हर कुलूप, सर्व्हर ते बँक कुलूप, मधे मात्र उघडं. कंपनीने हे लपवलं नव्हतं, पण ते वाचतो कोण? शिवाय पानांमधली जावास्क्रिप्ट सर्व्हरवर थोडा वेळ चाले आणि मग पान गोठे. वेबसाइटी जसजशा अ‍ॅपसारख्या वागू लागल्या तसतसे फॉर्म अडकू लागले. हीच सर्व्हरची क्लृप्ती चालवणारा चिनी यूसी ब्राउझर भारतात जोरात होता; जून २०२० च्या ५९ अ‍ॅपांवरच्या बंदीत तोही गेला. त्याआधीच, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि केबी मोजायची सवय सुटली. फोनला देवनागरी येऊ लागली होती. ओपेरा टाकून घ्यायला कारणच उरलं नाही.

मग निवड कोण करतं? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला. अँड्रॉइडवर आपली अ‍ॅप आधीच घालून देण्याचा मुद्दा त्यात होता आणि क्रोमचाही. मला जास्त घोर आहे तो इंजिनांचा. एज, ब्रेव्ह, सॅमसंगचा ब्राउझर, सगळ्यांच्या पोटात गूगलचंच क्रोमियम. वेगळी उरली ती अ‍ॅपलची वेबकिट आणि फायरफॉक्सची गेको. त्यातही फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा येतो गूगलने शोधपट्टीसाठी दिलेल्या पैशातून. एकच इंजिन उरलं की वेबसाइट बनवणारा तेवढ्यावरच तपासून मोकळा होतो. पूर्वी सरकारी फॉर्म एक्सप्लोररशिवाय हलत नसत. त्या दिवसांची ज्यांना आठवण आहे त्यांना यापुढे काय सांगायचं?

खुद्द ओपेराने फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रेस्टो सोडून क्रोमियमची वाट धरली. २०१६ मध्ये ब्राउझरचा धंदा चिनी गुंतवणूकदारांनी घेतला. टेट्झनर तोवर बाहेर पडले होते. त्यांनी विवाल्डी नावाचा नवा ब्राउझर काढला, जुन्या ओपेराच्या चाहत्यांसाठी, हवं तसं वळवता येणारा. त्याचं इंजिनही क्रोमियमच आहे. स्वतःचं इंजिन शून्यातून लिहून बसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ते परवडलं नाही.