विदेचे दप्तरदार

पुण्याच्या पेशवे दप्तरातील जुने कागद कापडी गाठोड्यांत बांधून ठेवलेले आहेत. त्या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात. हवा तो कागद हव्या त्या वेळी हाती आला, तरच त्या रुमालांना दप्तर म्हणावयाचे. एरव्ही ती रद्दीच होय. आज बँकेची खाती, रेल्वेची आरक्षणे, सातबाराचे उतारे हे सारे संगणकाच्या डेटाबेसमध्ये असते, आणि त्याची राखण करणारा दप्तरदारांचा एक नवा वर्ग निर्माण झाला आहे. या व्यवसायात पडलेल्या व पडू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्यांचे सूत्र एकच: या माणसाची पारख, मागितल्या वेळी त्याला काय परत देता आले, यावरून होते.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत घडलेला प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. मुख्य डेटाबेसची दुसऱ्या यंत्रावरील प्रतिकृती मागे पडली, म्हणून एक अभियंता ती नव्याने उभारू पाहात होता. दुसऱ्या यंत्रावरील मजकूर पुसण्याची आज्ञा त्याच्या हातून मुख्य यंत्रावर दिली गेली. चूक क्षणात ध्यानी आली; पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. रोज निघणाऱ्या राखीव प्रती पाहू गेले, तो त्या निघतच नव्हत्या! प्रत काढणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हता, आणि तशी सूचना देणारी पत्रे वाटेतच नाकारली जात होती. सुदैवाने चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सापडली, म्हणून बहुतेक सर्व वाचले. मधल्या तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने ही सारी हकीकत स्वतःच जाहीर केली, हे तिला भूषणावह होय.

यावरून पहिला धडा असा, की जी प्रत परत उभी करून पाहिली नाही, ती आहे असे समजू नये. ठरल्या दिवशी ती वेगळ्या यंत्रावर उतरवावी, नोंदी मोजाव्या, लागलेला वेळ टिपून ठेवावा. दुसरा धडा हाताच्या संयमाचा. पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी आपण कोणत्या यंत्रावर आहोत ते वाचावे. त्याच अटीने आधी केवळ नोंदी पाहाव्या, आणि मग बदल परत फिरविता येईल अशा व्यवहाराच्या चौकटीत तो करावा. रात्री थकलेल्या माणसाने एकट्याने असे काम करू नये.

आता विद्येविषयी. साधने बदलतात, तत्त्वे टिकतात. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांवर आधारलेली विदारचना मांडली. १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी आज एसक्यूएल म्हणून ओळखली जाणारी भाषा पुढे आणली. अर्धशतक लोटले तरी दोन्हींवर जगाचा कारभार चालला आहे. म्हणून प्रमाणपत्रांमागे धावण्याआधी तत्त्वे पक्की करावी. उदाहरणार्थ, इंडेक्स म्हणजे ग्रंथाच्या शेवटची सूची. तिने शोध जलद होतो. पण प्रत्येक नव्या नोंदीबरोबर सूचीही लिहावी लागते, म्हणून सूची वाढल्या की लेखन मंदावते. हे ज्याला उमगले, त्याला कोणत्याही कंपनीचा डेटाबेस परका वाटत नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. आडनावाचा रकाना सक्तीचा केला, की एकच नाव लावणाऱ्या असंख्य भारतीयांना खोटे काहीतरी भरावे लागते. रकाने आखण्यापूर्वी खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाशी बोलावे. शिवाय, दुसऱ्यांच्या नोंदी आपणास दिसतात म्हणून त्या चाळण्याचा अधिकार आपणास मिळत नाही. संसदेने २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा केला. परंतु कायद्याआधी हा सचोटीचा प्रश्न आहे.

हे काम नीट चालले की कोणाच्या ध्यानीही येत नाही. बढतीच्या वेळी ही अडचण जाणवते. म्हणून केलेले लिहून ठेवावे. “मी अमुक डेटाबेस सांभाळला” या वाक्यापेक्षा “तो इतक्या मिनिटांत परत उभा केला, ही त्याची नोंद” हे वाक्य मुलाखतीत अधिक वजनदार ठरते. आणि ज्यांची आयुष्ये त्या नोंदींत आहेत, त्यांनाही तेच हवे असते.